कातीव वस्तूची अखेरची झळाळी: लेथवरच पॉलिश की बफवर?

कातून झालेल्या लाकडी वस्तूला अखेरची झळाळी देण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. एक तर ती लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, फिरत असतानाच तिच्यावर लाखेचे पॉलिश घासून घ्यायचे, नाहीतर तेल किंवा लॅकरचा थर देऊन ती उतरवायची आणि थर पूर्ण पक्का झाल्यावर फिरत्या कापडी चाकांवर, म्हणजे बफवर, धरायची. या दोहोंतून निवड करताना बहुतेक जण कोणती चकाकी अधिक याचा विचार करतात. माझ्या मते वस्तूचा आकार आणि ती किती हाताळली जाणार, हे प्रश्न आधी यावेत. पॉलिश पेपरचे काम अर्धवट राहिले असेल, तर मात्र दोन्ही मार्ग सारखेच निरुपयोगी ठरतात. किमान ४०० नंबरपर्यंत नीट न घासलेल्या पृष्ठभागावरचे ओरखडे चकाकीने झाकले जात नाहीत, उलट अधिक उठून दिसतात.

लेथवर घासायच्या पॉलिशमध्ये चपडा लाख, स्पिरिट आणि थोडे मेण असते. त्याचे काही थेंब कागदी रुमालाच्या घडीवर घेऊन फिरत्या वस्तूला हलके दाबून धरले, की घर्षणाच्या उष्णतेने स्पिरिट उडून जाते आणि पातळ, चकचकीत थर अर्ध्या-एक मिनिटात तयार होतो. (येथे कागदच वापरावा, फिरत्या वस्तूत अडकलेला कागद फाटतो, कापड मात्र बोटांना सोबत ओढून नेते.) पेन, भोवरे, डब्यांचे कळस, बारीक दांड्या यांसाठी याहून सोयीची पद्धत नाही. रुंद ताटली किंवा वाडगा असला, की हीच पद्धत अडखळते, कारण लेथचे फेरे तेच असले तरी काठ वेगाने सरकतो आणि मध्यभाग जवळजवळ जागेवरच फिरतो. परिणामी उष्णता सर्वत्र सारखी मिळत नाही आणि पॉलिशची वलये उमटतात. शिवाय लाखेचा थर पाण्याने पांढुरका पडतो, स्पिरिटने विरघळतो आणि सतत हाताळल्या जाणाऱ्या पेनवरून लवकर झिजतो.

बफिंगच्या प्रचलित पद्धतीत सुमारे ८ इंच व्यासाची तीन चाके असतात आणि ती मिनिटाला साधारण १,७५० फेऱ्यांनी फिरवतात. पहिल्या चाकावर ट्रिपोली हा घासून चकाकी आणणारा सिलिकायुक्त तपकिरी मसाला लावतात. दुसऱ्यावर व्हाइट डायमंड असतो. नावात हिरा असला तरी प्रत्यक्षात ते ॲल्युमिनियम ऑक्साइड असते. तिसऱ्यावर ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण लावतात. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नोबाला ८२ ते ८६ अंश लागतात. त्यामुळे ते हाताने पसरवणे कठीण जाते, पण चाकाच्या उष्णतेने पसरून कडक थर देते. एका चाकावर एकच मसाला लावावा. एकदा सरमिसळ झाली की ते चाक बारीक कामाचे राहत नाही.

लॅकर किंवा वार्निशच्या थरावर बसलेले धुळीचे कण आणि ब्रशच्या खुणा काढून टाकण्यात बफला तोड नाही. लेथवर असताना पकडीत राहिलेल्या बुडालाही बाकीच्या वस्तूइतकीच झळाळी मिळते, हा फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. वाडग्याच्या आतल्या बाजूसाठी लहान, घुमटाकार बफ मिळतात. मात्र थर कच्चा असेल तर उष्णतेने तो मऊ होऊन ओढला जातो, म्हणून तेलाच्या फिनिशला आठवडाभर किंवा त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. फिकट आणि उघड्या छिद्रांच्या लाकडात ट्रिपोली अडकून तपकिरी ठिपके राहतात. अशा वेळी पहिले चाक वगळून थेट पांढऱ्या मसाल्याकडे जावे. लाखेच्या पातळ थरावरही ट्रिपोली टाळावी, कारण कडांवरचा थर ती कापून टाकते.

खरी जोखीम वस्तू हातातून निसटण्याची आहे. या चाकाची कडा सेकंदाला १८ मीटरहून अधिक वेगाने धावत असते. तिच्यात पातळ काठ किंवा नाजूक कळस सापडला, तर तो तुटतोच आणि वस्तूही फेकली जाते. म्हणून चाक आपल्याकडे खाली येत असताना वस्तू त्याच्या मध्याच्या खाली धरावी, चाके लेथवर बसवली असतील तर त्यांच्याखाली जाड फोम पसरावा, डोळ्यांना चष्मा आणि सिलिकाच्या धुळीसाठी मास्क वापरावा.

फक्त पेन आणि भोवरे कातणाऱ्याने बफवर खर्च करण्याची घाई करू नये, असे मी म्हणेन. वाडगे आणि डबे करणाऱ्याने मात्र तो करावा. चाके लेथवरच बसवता येतात, त्यामुळे वेगळी मोटर लागत नाही. कार्नोबावर बोटांचे ठसे आणि पाण्याचे डाग दिसतात, तेव्हा वस्तू हातोहात फिरणार असेल तर वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण (खनिज तेलापासून मिळणारे, अतिसूक्ष्म स्फटिकांचे मेण) हाताने चोळावे. रोज धुतल्या जाणाऱ्या वाडग्यावर लाखेचे पॉलिश किंवा बफची झळाळी यांपैकी काहीही टिकत नाही. त्याला नुसते तेल द्यावे आणि कोरडा दिसू लागला की पुन्हा लावावे.