पाटीवर 'समुपदेशक', नोंदवहीत कोण? आरसीआयची ऑनलाइन यादी कितपत कामाची

दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लावायला आपल्याकडे आजवर परवाना लागलेला नाही. महिनाभराचा ऑनलाइन कोर्स केलेलाही ती लावतो आणि एमएनंतर दोन वर्षं एम.फिल. करून मनोरुग्णालयात घासलेलाही. डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यवसायांसाठीच्या 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याने समुपदेशकांना कक्षेत घेतलं, पण तपासायची हाताशी असलेली सोय म्हणजे अजून पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदवही.

यादी फुकट आहे, घरबसल्या बघता येते. मात्र नावाने शोधू नका. नोंद इंग्रजीत, स्पेलिंग प्रमाणपत्रावरचं आणि आडनाव कधी माहेरचं. त्यापेक्षा फोनवरच सरळ विचारा, 'तुमचा सीआरआर नंबर काय?' म्हणजे या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक. व्यवस्थित माणूस तो लगेच देतो. टाळाटाळ झाली की काय ते समजा.

नंबर जुळला म्हणून हुरळून जाऊ नका, खरी गफलत इथेच होते. आरसीआयकडे विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ अशा अनेकांची नोंद असते. त्यांचाही नंबर अस्सलच, पण नैराश्यावर उपचार हा त्यांचा प्रांत नव्हे. त्यामुळे नोंदीत 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे मानसिक आजारांवर उपचाराचं प्रशिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ, हे शब्द आहेत का ते पाहा आणि मग नोंदणीची मुदत. नोंदणीचं ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपलेली दिसली तर लगेच भामटा ठरवू नका. नूतनीकरणाचा अर्ज केलाय का, एवढं विचारा.

थोडक्यात, पडताळणीला यादी उत्तम, शोधायला सुमार. मराठीत बोलणारं कोण, लहान मुलं कोण बघतं, संध्याकाळी सातनंतर वेळ कोण देतं, फी किती, यातलं काहीही तिथे कळत नाही. तालुक्याच्या गावी तर जवळचं नाव सापडणंच कठीण. तिथे जिल्हा रुग्णालयाची, म्हणजे सिव्हिलची मानसिक आरोग्य ओपीडी जास्त कामाची. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. पुढे कुठे जायचं तेही तिथे विचारता येतं.

गोळ्यांची गरज असेल तर ही यादी बंद करा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देऊ शकत नाही. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ लागतो आणि त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते.

आरसीआयच्या यादीत नसलेला एमए झालेला समुपदेशक फसवाच असतो असं नाही. परीक्षेची भीती, नवरा-बायकोतली धुसफूस अशा गोष्टींना तो पुरतो. पण त्याला दोन प्रश्न विचाराच. केसेसवर कोणा वरिष्ठाचं मार्गदर्शन घेता का? आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर कोणाकडे पाठवता? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एखाद्या डॉक्टरचं नाव चटकन यायला हवं. आणि पहिल्याच फोनवर दहा सेशन्सच्या पॅकेजचे पैसे आगाऊ मागितले, तर नंबर कितीही खरा असो, फोन ठेवा.