शेंगा चटणीचे पाकीट आणि त्याच्या पाठीवरचा तक्ता

जुळे सोलापुरातील एका मोठ्या किराणा दुकानातून मी गेल्या महिन्यात शेंगा चटणीचे अडीचशे ग्रॅमचे पाकीट घेतले. ही चटणी आपल्याच जिल्ह्यातील एका महिला गृहउद्योगाची आहे. चवीबद्दल तक्रारीला जागा नाही. शेंगदाणे नेमके भाजलेले आहेत आणि लसूण जाणवतो, पण तो दाण्यांच्या चवीवर मात करत नाही. उखळात कुटल्यावर चटणीला जे तेल सुटते आणि तिचा जो ओलसर गोळा होतो, तो पाकिटातून काढतानाही तसाच हाताला लागतो. मिक्सरमध्ये फिरवलेल्या कोरड्या भुकटीला हा गुण येत नाही. कडक भाकरी, दही आणि ही चटणी एवढ्यावर आमच्याकडे दोन दिवस रात्रीचे जेवण झाले.

हे पाकीट मी आईसाठी घेतले होते. तिला रक्तदाब आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे, म्हणून घरी आल्यावर मी पाठीमागचा पोषणमूल्यांचा तक्ता चष्मा लावून वाचला. शंभर ग्रॅम चटणीत सोडियम १६०० मिलिग्रॅम, असे त्यात छापलेले आहे. सोडियमची अडीचपट केली की मीठ कळते, म्हणजे शंभर ग्रॅममागे चार ग्रॅम मीठ. त्याशेजारच्या रकान्यात मात्र एका वेळचे प्रमाण पाच ग्रॅम धरून, दिवसाच्या गरजेच्या केवळ चार टक्के सोडियम मिळते, असे म्हटले आहे. हिशेब चुकीचा नाही, कारण अन्नपदार्थांच्या लेबलांबाबतच्या २०२० च्या नियमांत दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, हेच प्रमाण धरलेले आहे. पण पाच ग्रॅम चटणी म्हणजे किती, हे मी वजनकाट्यावर मोजून पाहिले, तर ती चहाच्या एका चमच्यात मावली. आई एका जेवणात जी चटणी वाढून घेते ती पंधरा ग्रॅम भरली. दोन्ही वेळची मिळून तीस ग्रॅम, म्हणजे ४८० मिलिग्रॅम सोडियम आणि दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ चौथा हिस्सा. भाजी, आमटी आणि भाकरीतले मीठ यात धरलेलेच नाही. चार टक्के वाचणारा निश्चिंत होईल आणि चोवीस टक्के वाचणारा हात आखडता घेईल, एवढा फरक त्या एका रकान्याने पडतो.

हा तक्ता वाचतो कोण, असा प्रश्न मला पडला, म्हणून पुढच्या खेपेला मी त्याच दुकानात चटण्या-लोणच्यांच्या कप्प्याजवळ थोडा वेळ थांबले. लोक पाकीट उचलतात, आधी किंमत पाहतात, मग तारीख शोधतात, आणि काहीजण हिरवा ठिपका पाहून ते टोपलीत टाकतात. पाठीवरच्या तक्त्याकडे कोणी फार वेळ पाहिले नाही. मी पाहत होते, तर दुकानातला मुलगा आपुलकीने म्हणाला, ‘‘काय बघायलात ताई एवढं? तारीख पुढचीच हाय की.’’ लेबल वाचणे म्हणजे तारीख पाहणे, ही समजूत त्याची एकट्याची नाही, माझीही आईच्या आजारापर्यंत तीच होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत लेबल वाचून पदार्थ निवडावेत, अशी एक स्वतंत्र सूचना आहे, आणि ती योग्यच आहे. पण तो तक्ता इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असेल, तर न वाचणाऱ्याला निष्काळजी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. नियमानुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असला की पुरते, मराठी ऐच्छिक आहे. या पाकिटावर ‘शेंगा चटणी’ हे नाव ठसठशीत मराठीत आहे, ‘घरगुती चव’ हेही मराठीत आहे, आणि सोडियम तेवढे इंग्रजीत. ज्या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरोघरी बोलली जाते, तेथे ही निवड फार लोकांना दाराबाहेर ठेवते.

पाकिटावर दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला. ज्या बाई बोलल्या त्यांनी टाळाटाळ केली नाही, याचा मला आदर वाटतो. चटणीची तपासणी प्रयोगशाळेतून करून घेतलेली आहे, तक्त्यातले आकडे तिथलेच आहेत, पण एका वेळचे पाच ग्रॅम हे प्रमाण दुसऱ्या एका कंपनीचे पाकीट पाहून घेतले, असे त्यांनी सरळ सांगितले. मराठीत छापायला पाकिटावर जागा पुरत नाही, ही त्यांची अडचण मला पूर्णपणे पटली नाही, कारण पुढच्या बाजूला कडक भाकरीच्या चित्राने निम्मी जागा व्यापली आहे. तरी घटकपदार्थांची यादी त्यांनी स्वच्छ दिली आहे: शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, मीठ, जिरे. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठीची सूचनाही वेगळी छापलेली आहे.

त्याच दिवशी घेतलेल्या ज्वारीच्या बिस्किटांबद्दल मला असे म्हणता येत नाही. पुढे ज्वारीचे भरलेले कणीस आहे. मागच्या यादीत मैदा पहिला, साखर दुसरी, पामतेल तिसरे आणि मग ज्वारी, अवघी अकरा टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि ज्या घटकाचा पुढे गाजावाजा केला त्याचे प्रमाण द्यावे लागते, म्हणून एवढे तरी कळले. मंगळवेढ्याच्या मालदांडीवर वाढलेल्या जिल्ह्यात ज्वारीच्या नावावर मैदा विकला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. ही बिस्किटे मी पुन्हा घेणार नाही.

हिरवा ठिपका मात्र सगळे ओळखतात, ज्यांना अक्षर वाचता येत नाही तेही. त्याला भाषा लागत नाही आणि तो शोधावा लागत नाही. चिलीमध्ये २०१६ पासून मीठ, साखर किंवा चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर पुढच्या बाजूला काळा अष्टकोन छापतात, तो याच जातीचा आहे. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत देण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. ठळक आकड्यापेक्षा पुढच्या बाजूची खूण आमच्या गल्लीतल्या आजींना अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

चटणी घ्यावी का? ज्यांना मिठाचे पथ्य नाही त्यांनी जरूर घ्यावी. उघडल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, नाहीतर दाण्यांच्या तेलाला खवट वास येतो. ज्यांना पथ्य आहे त्यांनी पाच ग्रॅमचा रकाना सोडून शंभर ग्रॅमचा पाहावा आणि आपल्या ताटातल्या चटणीचे एकदा वजन करावे. मी आता तेवढेच शेंगदाणे बिनमिठाचे भाजून, खलबत्त्यात कुटून या चटणीत समसमान मिसळते, म्हणजे सोडियम निम्म्यावर येते. पहिल्या दिवशी आई म्हणाली, ‘‘जरा अळणी लागतीया,’’ आणि वर थोडे लाल तिखट भुरभुरून तिने भाकरी संपवली.