हँग होणारा जुना कम्प्युटर: एसएसडी, रॅम, फॉरमॅट की थेट नवा?

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला घरचा डेस्कटॉप घ्या. चौथ्या पिढीचा इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी), ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. तो हँग व्हायला लागला की एक दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू (डिस्क पुसून विंडोज नव्याने चढवू), दुसरा म्हणतो रॅम वाढवा, तिसरा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) सुचवतो आणि चौथा सांगतो, सोडा आता, नवा घ्या. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक घरांत पहिला खर्च एसएसडीवर व्हावा. मात्र कम्प्युटर नेमका कसा अडकतो ते बघितल्याशिवाय एक रुपयाही घालू नका.

हँग झाला की लगेच बटण दाबून बंद करायची घाई नको. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा बघा. दिवा लागतो-विझतो, माऊसचा बाण हलतो, पण क्लिक केलेलं काही उघडत नाही आणि मिनिटाभराने सगळं एकदम उघडतं? मग कम्प्युटर चालू आहे, तो कशासाठी तरी खोळंबलाय, आणि बहुधा हार्ड डिस्कसाठीच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा, असं चित्र दिसेल. याउलट दिवा ढिम्म, बाण गोठलेला, गाणं चालू असेल तर एकच आवाज घरघरत राहिलेला, तर दुखणं वेगळं आहे. तिथे रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), उष्णता किंवा मदरबोर्डवर संशय घ्यायचा.

आता एसएसडी आणि रॅम. लोक इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात, आणि त्याला कारण आहे. रॅम कमी पडली की विंडोज उरलेला माल डिस्कवर उतरवतं, त्यामुळे रॅमची कमतरताही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के अशीच दिसते. म्हणून अडकलेल्या क्षणी मेमरीचा रकानाही वाचा. तो ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम खरंच अपुरी आहे. ६० टक्क्यांवर असूनही डिस्क तुडुंब असेल, तर रॅम वाढवून फरक पडणार नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा हात प्रत्येक वेळी जागा शोधत सरकतो. एका शोधाला साधारण १० मिलिसेकंद किंवा जास्त लागतात. एसएसडीत सरकणारं काही नसतं, तेच काम एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर होतं. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे शोध घेतं, त्यामुळे एसएसडी टाकल्यावर जुना कम्प्युटर ओळखू येत नाही. रॅम थोडी कमी असली तरी तो ताणही मग बराच सुसह्य होतो. नुसती रॅम वाढवली तर सुरू होतानाची रखडपट्टी तशीच राहते.

शिवाय साटा जोडणीची एसएसडी पुढे दुसऱ्या कम्प्युटरला लावता येते. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसोबतची डीडीआर-थ्री प्रकारची रॅम आजच्या मदरबोर्डवर बसत नाही, आणि बाजारात ती बरीचशी वापरलेलीच मिळते. घ्यायचीच असेल तर बदलून देण्याच्या बोलीवर घ्या आणि मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवून बघा. रॅम ८ जीबी झाली की घरकामाला पुरे. एसएसडी २५६ जीबीची घ्या. जुनी डिस्क धडधाकट असेल तर फोटोंसाठी ती सोबत राहू द्या.

फॉरमॅट सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात आधी सुचवला जातो. डिस्क ठणठणीत असेल आणि वर्षानुवर्षांचा कचरा, दोन-दोन अँटिव्हायरस साचले असतील, तर त्याने फायदा होतो. पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात डिस्कची तब्येत पिवळी दिसली, खराब सेक्टर (डिस्कवरचे बिघडलेले कप्पे) नोंदलेले असले, तर फॉरमॅटचे पैसे वाया जातात. थोड्या दिवसांत कम्प्युटर पुन्हा अडकतो, आणि लग्नाचे, बारशाचे फोटो आधी काढून ठेवले नसतील तर तेही जातात. डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवा आणि आधी डेटा वाचवा.

पूर्ण गोठणाऱ्या कम्प्युटरला पहिला उपाय फुकटचा आहे. वायर काढा, कॅबिनेट उघडा, रॅमची पट्टी बाहेर घ्या. तिच्या सोनेरी कडेवर काळपट थर दिसेल. साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवला की तो निघतो. भुगा झटकून पट्टी परत दाबा, कडेचा खटका ‘टक’ वाजेपर्यंत. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादी बसलेली असते, तीही ब्रशने काढा. ब्रश फिरवताना पंखा बोटाने धरून ठेवा. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची (उभ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली दिसली, तर मात्र या कम्प्युटरवर आणखी खर्च करू नका.

नव्याचा विचार खरा होतो तो इथे, आणि सुरक्षेपाशी. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नाव नोंदवलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जादा सुरक्षा अपडेटची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ होती. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणजे आपला आय-थ्री त्यात बसत नाही. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने हे हसण्यावारी नेऊ नये. एसएसडी टाकून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चढवली, तर ब्राउझर, ईमेल, लिबरऑफिस, युनिकोड मराठी टायपिंग सगळं अपडेटसह चालतं. आई-वडिलांच्या बातम्या-यूट्यूबसाठी मी तेच सुचवेन. श्रीलिपीत डीटीपी करणारे, टॅलीवर हिशेब लिहिणारे किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरणारे यांनी विंडोजलाच धरून राहावं.

त्यांच्यासाठी कोऱ्या कम्प्युटरआधी एक पर्याय बघण्यासारखा आहे: कंपन्यांतून निघालेले, नूतनीकरण केलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ते मिळतात. घेताना प्रोसेसरची पिढी पडद्यावर दाखवायला सांगा, विंडोज ११ रीतसर सक्रिय आहे का तपासा आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.