पीएचक्यू-९ आणि जीएडी-७: पावसाळ्यापासून आखाजीपर्यंत वापरल्यावर

मी जळगावात समुपदेशन करते. माझ्याकडे शहरातले नोकरदार येतात, कॉलेजची मुलं येतात आणि यावल, रावेर, चोपडा, एरंडोल बाजूच्या खेड्यांतली माणसंही तितकीच येतात. गेल्या पावसाळ्यापासून प्रत्येक नव्या माणसाकडून पहिल्या भेटीत आणि मग अधूनमधून पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या भरून घेते आहे. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली, ऊन ४४-४५ला टेकलंय आणि फायलीत बराच गठ्ठा जमलाय. धुळे-नंदुरबारकडच्या मैत्रिणींनी 'आम्हीही सुरू करू का गं?' असं विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय. खाली आलेल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पीएचक्यू-९ हा नैराश्याचा कागद, २००१ साली क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी मांडलेला. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, टोटल २७. पाच, दहा, पंधरा, वीस या सौम्यापासून तीव्रापर्यंतच्या पायऱ्या. जीएडी-७ चिंतेचा, २००६चा, टोटल २१. दोन्हींत मागच्या दोन आठवड्यांचं विचारतात. दोन्ही फुकट आहेत, परवानगी लागत नाही, मराठी भाषांतरही मिळतं. पीएचक्यू फायझर कंपनीच्या पैशातून तयार झाला, हेही माहीत असू द्या. त्यामुळे तो वाईट ठरत नाही. भरायला पाच मिनिटं पुरतात आणि खर्च झेरॉक्सचा. इथवर तक्रारीला जागा नाही.

पहिली अडचण दहाच्या रेषेची. मूळ अभ्यासात दहा आणि वर स्कोअर धरला तर खरं मोठं नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के सापडत होते आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले जात होते. ऐकायला झकास. पण हाच कागद गावातल्या शिबिरात हजार जणांना वाटला, आणि त्यात शंभरच जणांना खरं नैराश्य असेल असं धरलं, तर काय होतं ते मांडून बघा. शंभरातले ८८ सापडतात. उरलेल्या नऊशेतले १०८ उगाच अडकतात. म्हणजे दहा आणि वर आलेल्या १९६ जणांत निम्म्याहून जास्त लोकांना तो आजार नाहीच. माझ्या खोलीत येणारा माणूस मुळात त्रासातच असतो, त्यामुळे इथे तोच आकडा जास्त भरवशाचा ठरतो. कागद एकच, पण तो कुठे वाटला यावर त्याची किंमत बदलते. म्हणून फोनवरच्या अॅपमध्ये लाल अक्षरात 'मध्यम नैराश्य' असं झळकतं तेव्हा माझी चिडचिड होते. कागद निदान करत नाही. पुढे काय विचारायचं एवढंच दाखवतो.

दुसरी गोष्ट चढउताराची. जिनिंगवरचा काटा दोन-चार किलोने हलत असेल तर पाच किलो कापूस वाढला म्हणून कोणी पेढे वाटत नाही. इथे मात्र स्कोअर १४चा ११ झाला की समुपदेशक खूश, क्लायंट खूश. इंग्लंडच्या सरकारी मानसोपचार सेवेत पीएचक्यूमध्ये निदान ६ आणि जीएडीमध्ये निदान ४ गुणांचा फरक पडला तरच त्याला खात्रीचा बदल म्हणतात. यामागचा हिशोब जेकबसन आणि ट्रुअॅक्स यांनी १९९१ साली मांडला: मोजमापातच जेवढा डळमळीतपणा आहे, त्याच्या पलीकडे फरक गेला का, ते बघायचं. माझ्या गठ्ठ्यातले कितीतरी 'सुधारणा' म्हणून आनंदाने नोंदवलेले फरक या चाळणीतून खाली पडतात. शिवाय माणूस आपल्याकडे येतो तोच सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा काही न करताही थोडा बरा असतो, हे धरूनच चालावं.

आणि चाळणीतून वर राहिलेला फरकही आपल्या कामाचाच असतो असं नाही. एक नवी सून, पहिल्या भेटीत १६. नंतर थेट ८. आठ गुणांचा उतार, म्हणजे कुठल्याही नियमाने खात्रीचा. मला बोलता बोलता कळलं की ती आखाजीला माहेरी आली होती आणि कागदात विचारलेले दोन आठवडे तिने झोक्यावर, मैत्रिणींत, आईच्या हातचं खात काढले होते. कागद खोटं बोलला नाही. तिला खरंच बरं वाटत होतं. पण तो आकडा माझ्या उपचाराचा नव्हता, माहेरचा होता, आणि सासरी परतल्यावर काय होणार हे त्यात कुठेच नव्हतं. खरं म्हणजे त्या उतारानेच मला सांगितलं की पुढच्या भेटीत घराबद्दल बोलायला हवं. हे काम कागदाने चोख केलं.

टोटलबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: ती सगळ्यात शेवटी बघावी. केळीवाला एक शेतकरी, वादळात बाग आडवी झालेली, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. पहिल्या वेळी १३, दीड महिन्याने पुन्हा १३. रकाने बघितले तर चित्रच वेगळं. झोप, थकवा आणि भूक मिळून ८ होते, ते २ वर आलेले. पण उदासपणा १ चा ३ झालेला, 'आपण घरच्यांना खाली बघायला लावलं' हा प्रश्न शून्यावरून ३ वर, आणि मरणाच्या विचाराबद्दलच्या नवव्या प्रश्नाला, जिथे आधी शून्य होतं, तिथे १. शरीर सावरलं होतं आणि मन खोल चाललं होतं. टोटल बघून 'स्थिर' असा शेरा मारून फाइल मिटवली असती तर सगळंच हातचं गेलं असतं. बेरीज करणाऱ्या कागदाची ही मुळातली खोट आहे: नऊ वेगळ्या गोष्टींचं वजन तो सारखं धरतो. नीट न झालेली झोप आणि मरणाचा विचार यांना एकच गुण.

नवव्या प्रश्नाबद्दल थोडं थांबून सांगते. 'मेलो तर बरं' आणि 'स्वतःला इजा करावी' हे दोन्ही त्याने एकाच वाक्यात कोंबलंय. पहिलं आपल्याकडे थकलेली म्हातारी माणसं दिवसातून दहादा म्हणतात. दुसरं वेगळ्याच गंभीरतेचं. म्हणून तिथे शून्य सोडून काहीही आलं तर मी तोंडी विचारते, स्पष्ट शब्दांत, आणि माणूस खोलीतून जायच्या आत. कागद घरून भरून आणायला सांगू नका, आणि भरलेला कागद संध्याकाळी निवांत बघू असंही करू नका. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मी कागदाच्या पाठीमागे छापून ठेवलाय. फोन २४ तास चालू असतो.

आता कागद कोण भरतं ते. प्रश्नावलीच्या दर्जावर लिहिणारे लोक याला स्व-अहवाल म्हणतात. आमच्याकडे त्यातला 'स्व' बऱ्याचदा बाकावर शेजारी बसलेला असतो. सासू प्रश्न वाचते, नवरा टिक करतो, बाई मान हलवते. एका बाईच्या कागदावर खालपर्यंत शून्यच शून्य. फक्त नवव्या ओळीत २ वर पेनाने गिरवून गिरवून शून्य केलेलं, इतकं की कागद फाटला होता. त्या दिवसापासून सोबत आलेल्यांना मी बाहेर चहाला पाठवते आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांना स्वतः वाचून दाखवते. यातही गंमत आहे: मी वाचून दाखवलं की माणसं माझं मन राखायला उत्तर देतात. तीन-चार भेटी झाल्या की स्कोअर जरा जास्तच शहाण्यासारखा उतरतो. 'ताई एवढं करतात, त्यांना कसं सांगू काही फरक नाही.'

हंगाम हा तिसरा डोकावणारा. शेतीपंपाला ज्या आठवड्यात रात्रीची वीज असते, त्या आठवड्यात शेतकऱ्याचा झोपेचा प्रश्न आणि थकव्याचा प्रश्न दोन्ही ३. कापूस वेचणीच्या दिवसांत बायांचा थकवा ३ नसेल तरच नवल. श्रावणात भूक विचारलीत तर उपास सांगतील. मे महिन्यात पत्र्याच्या घरात कोण झोपतं? म्हणून पाचसहा गुण असे नुसते हवामानाचे आणि कामाचे असू शकतात, हे धरून बघते आणि त्या ओळींशेजारी पेन्सिलने कारण लिहून ठेवते.

उत्तरांच्या पर्यायांनी बराच घाम काढला. 'काही दिवस', 'निम्म्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' असे दिवस मोजायचे असतात, आणि लोक किती दुखतं ते सांगतात. एका चोपड्याच्या आजोबांनी प्रत्येक प्रश्नाला 'लई' असं एकच उत्तर दिलं. दोन आठवडे म्हणजे कधीपासून, हेही धूसर. मग मी 'मागच्या दोन बाजारांपासून' असं विचारायला लागले. आठवड्याचा बाजार कुणी विसरत नाही. असं विचारल्यावर उत्तरं नीट येऊ लागली. पण कागद ज्या पद्धतीने तपासला गेला त्या पद्धतीपासून मी थोडी सरकले, हेही खरं, म्हणून त्या कागदांवर वर एक खूण करते आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही.

जीएडी-७ त्यामानाने निरुपद्रवी वाटला, आणि अपुरा. त्यात छातीतली धडधड, हातापायाला मुंग्या, पोटात गोळा यातलं काहीच विचारत नाहीत. आमच्याकडची चिंता तर तिथूनच बोलते. 'जीव घाबरस' म्हणणारा माणूस सात प्रश्नांत ४ घेऊन जातो आणि इसीजी काढून काढून थकलेला असतो. अशांसाठी शारीरिक लक्षणांचा पीएचक्यू-१५ जोडीला ठेवलाय.

पीएचक्यूच्या तळाशी एक जादा प्रश्न असतो, ज्याचे गुण धरत नाहीत: या त्रासामुळे काम, घर, लोकांशी वागणं किती अवघड झालं? बरेच जण तो छापतच नाहीत. मला विचाराल तर पूर्ण कागदात सगळ्यात उपयोगी तोच. दोन माणसं १२ वर असतात, एक रोज दुकान उघडतो आणि दुसरा आठ दिवस अंघोळीला उठलेला नसतो.

'प्रमाणित' या शिक्क्याबद्दल. विकत मिळणाऱ्या किंवा कुणाच्या प्रबंधातून आलेल्या मराठी प्रश्नावल्यांसोबत एक आकडा अभिमानाने छापलेला असतो, क्रोनबाख अल्फा, ०.९०च्या पुढे. तो एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात. 'उदास वाटतं', 'खिन्न वाटतं', 'मन उदास असतं' असे तीन प्रश्न विचारलेत तर अल्फा आभाळाला लागेल आणि कळेल काहीच नाही. आधी विचारायचं ते हे, की प्रश्न त्रास भोगणाऱ्या माणसांशी बोलून निवडलेत का, त्यांना ते समजतात का, काही महत्त्वाचं सुटलंय का. कॉस्मिन नावाचा जो आंतरराष्ट्रीय निकषांचा संच आहे, तोही आशयाची ही तपासणी सगळ्यात वर ठेवतो. मग कुठल्या लोकांत तपासलं, आणि बदल टिपायची क्षमता बघितली का. या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक विक्रेते विषय बदलतात.

बाकीचे कागद थोडक्यात. कोअर-ओएम एकूण मानसिक त्रासाचा, ३४ प्रश्नांचा, फुकट, मागच्या एका आठवड्याचा, आणि त्यात जगणं कसं चाललंय हेही विचारतात. पण ३४ प्रश्न खेड्यातल्या माणसाला जड जातात, कॉलेजच्या मुलांना चालतात. ओआरएस (आउटकम रेटिंग स्केल) म्हणजे दहा सेंटीमीटरच्या चार रेघा, कसं चाललंय ते प्रत्येकीवर खूण करून दाखवायचं. शिकलेल्यांशी गप्पा सुरू करायला छान, साठीच्या पुढच्यांनी मात्र रेघेवर कुठेही खूण केली आणि वर 'चाललं ना?' असं मला विचारलं. बेकचा बीडीआय-२ हाही नैराश्याचा, २१ प्रश्नांचा, १९९६चा, चांगला आहे पण विकतचा आहे. त्याच्या झेरॉक्स सगळीकडे फिरतात म्हणून तो फुकट होत नाही. एकटीने छोटी खोली चालवत असाल तर तो घेऊ नका. त्या पैशात पीएचक्यूचे दोनेकशे कागद आणि एक लाकडी पॅड येईल, आणि शेजारच्या खोलीत सोबत आलेल्यांसाठी एक बाकडं.