कोरड्या, सेन्सिटिव्ह चेहऱ्यासाठी सेरावे, सेटाफिल की सरळ व्हॅसलिन?

उत्तर आधीच देऊन टाकते. थंडीत गाल उलत असतील, तोंड धुतलं की लगेच चेहरा ओढल्यासारखा होत असेल तर सेरावे कंपनीची डब्यातली मॉइश्चरायझिंग क्रीम घ्या. सेटाफिल कंपनीची क्रीमही चांगलीच आहे, पण तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या काही जणींना चालत नाहीत, त्या खाली सांगते. आणि व्हॅसलिन हे या दोघींच्या ऐवजी नाही, त्यांच्यावरून लावायचं, तेही रात्री.

या दोनच का निवडल्या तर दोन्हींना सुगंध नाही, आणि सेन्सिटिव्ह त्वचेसाठी मी सगळ्यात आधी तेच बघते. सुगंध हे क्रीममधून होणाऱ्या ॲलर्जीचं अगदी नेहमीचं कारण आहे आणि आपल्याकडे तर क्रीम घेताना आधी झाकण उघडून वास घ्यायची सवय, छान वास आला की क्रीम चांगली असं डोक्यात बसलेलं. निव्हिया सॉफ्ट कितीतरी घरांत असते, हलकी आहे, पटकन जिरते, नॉर्मल त्वचेला मस्त, पण तिला सुगंध आहे, म्हणून चेहरा लगेच लाल होणाऱ्यांना मी ती सुचवत नाही. नॅचरल, हर्बल लिहिलेल्या क्रीमचंही तेच, लव्हेंडर आणि संत्र्याच्या सालीचं तेल नैसर्गिक असलं तरी त्वचेला त्रास द्यायचा तो देऊ शकतंच.

आता मागचं लेबल वाचूया. दोन्हींत पाण्यानंतर दुसरंच नाव ग्लिसरीनचं आहे, दोन्हींत पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली) आणि डायमेथिकोन (एक प्रकारचं सिलिकोन) आहे, म्हणजे पाणी धरून ठेवणारं आणि ते उडू न देणारं असं दोन्ही काम होतं. फरक त्यापुढे आहे. सेरावेत तीन सेरामाइड्स, कोलेस्टेरॉल आणि पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक ॲसिड आहे. आपल्या त्वचेच्या अगदी वरच्या थरात पेशींच्या मधल्या जागेत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असतात, तीच पाणी आत अडवतात, आणि कोरड्या त्वचेत, एक्झिमा (खाज येणारा, त्वचा लाल आणि कोरडी करणारा विकार) असेल तर जास्तच, ही सेरामाइड्स कमी पडतात, मग पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं काहीही आत जाऊन चुरचुरायला लागतं. म्हणून माझा कौल सेरावेकडे.

सेटाफिलच्या क्रीममध्ये बदामाचं तेल आहे, आणि नव्या फॉर्म्युल्यात नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी3) आणि पॅन्थेनॉल (व्हिटॅमिन बी5 चा प्रकार). नायसिनमाइड बहुतेकांना मानवतं, त्वचेचं भलंच करतं, पण काहींचा चेहरा त्याने गरम आणि लाल होतो, तुमचा आधी एखाद्या सीरमने असा झाला असेल तर हे लक्षात ठेवा. बदामाची ॲलर्जी घरात कुणाला असेल तर विषयच संपला, सेरावेच घ्या. (सेरावेचं पीएम, म्हणजे रात्री लावायचं, लोशन घेणार असाल तर त्यात मात्र नायसिनमाइड आहे.)

लेबलवर सीटाइल अल्कोहोल किंवा सीटेअरिल अल्कोहोल दिसलं म्हणून घाबरू नका, हे मेणासारखे फॅटी अल्कोहोल, क्रीमला घट्टपणा आणि त्वचेला मऊपणा देतात. त्वचा कोरडी करणारं ते अल्कोहोल डिनॅट, ते लिस्टमध्ये वरच असेल तर ती क्रीम परत ठेवून द्या.

लावल्यावर कसं वाटतं ते सांगते. दोन्ही क्रीम घट्ट आहेत. सेरावे बोटावर घेतली की थोडी जेलसारखी घसरते, ओल्या गालावर आधी पांढरट पसरते आणि मग जिरते, वर किंचित लेप राहिल्यासारखं वाटतं. सेटाफिल जास्त लोण्यासारखी, चेहऱ्यावर तुकतुकी जास्त वेळ राहते. कोरड्या चेहऱ्यावर चोळली तर कुठलीच नीट जिरत नाही, म्हणून तोंड धुतल्यावर टॉवेलने फक्त टिपायचं आणि चेहरा दमट असतानाच लावायची, ग्लिसरीनला धरायला पाणी मिळतं. सकाळी सनस्क्रीन लावायच्या आधी जरा थांबा आणि क्रीम कमी घ्या, नाहीतर गालावर त्याच्या वळ्या निघतात आणि मग सगळंच पुसून परत लावावं लागतं.

कुठे राहता त्यावरही बरंच आहे. नागपूर, नाशिक, पुण्याची डिसेंबर-जानेवारीची हवा, किंवा परदेशात हीटर लावलेलं घर, तिथे डब्यातली क्रीमच. मुंबई, कोकण, गोव्यात वर्षातले बरेच महिने तीच क्रीम चिकट वाटेल, घाम येईल, तिथे याच दोन कंपन्यांचं लोशन बघा, आणि क्रीम रात्रीपुरती ठेवा.

व्हॅसलिनचं सांगायचं तर साध्या ओरिजिनल डबीत एकच घटक, पेट्रोलियम जेली. वास नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, त्यामुळे ॲलर्जी व्हायची शक्यता फारच कमी आणि पाणी उडण्यापासून अडवण्यात तिच्याइतकं भारी दुसरं क्वचितच. पण ती स्वतः पाणी देत नाही, म्हणून नुसत्या कोरड्या चेहऱ्यावर थापून उपयोग कमी. रात्री क्रीमवरून अगदी पातळ, नाकपुड्यांच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यात, गालाच्या उललेल्या जागी. पिंपल्स येत असतील तर पूर्ण चेहऱ्यावर नको. बजेट अगदीच कमी असेल तर बिनवासाचं कुठलंही साधं ग्लिसरीनवालं लोशन आणि वरून हे, ही जोडी खरंच काम करते.

किमती सारख्या बदलतात, ऑफर असतात, म्हणून ग्रॅममागे किती पडतं ते काढून बघा, पण पहिल्यांदा घेताना छोटाच पॅक घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडी लावा, आठवडाभर खाज-पुरळ काही नाही आलं तर मग चेहऱ्यावर. आणि त्याच आठवड्यात नवा फेसवॉश सुरू करू नका, काय लागलं ते कळणारच नाही. फाटलेल्या त्वचेवर पहिल्यांदा थोडं चुरचुरतं आणि थांबतं, ते चालेल. आग होत राहिली, सूज आली तर धुऊन टाका आणि बंद.

नाकाच्या बाजूला, भुवयांत लाल होऊन पिवळसर खपल्या निघत असतील तर तो नुसता कोरडेपणा नसेल, सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो, त्याचं औषध वेगळं आहे आणि ते स्किनच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं. मेडिकलवाल्याने "ही लावा, दोन दिवसांत चेहरा साफ" म्हणून एखादी ट्यूब पुढे केली तर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं शोधा. ही स्टेरॉइड्स आहेत, सुरुवातीला चेहरा एकदम छान दिसतो आणि नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, ट्यूब बंद केली की आग आग होते. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत, तरी सर्रास मिळतात. आधीच अशी ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना ती ट्यूब सोबत न्या.