ताज्या बर्फावर स्की करायची तर औली की गुलमर्ग? ठाणे-नवी मुंबईतून निघणाऱ्यांसाठी

नऊ दिवसांची रजा मंजूर आहे, फेब्रुवारी धरला आहे आणि एकदा तरी गुडघाभर ताज्या बर्फात स्की करायची आहे. ठाण्याहून किंवा नेरूळहून निघणाऱ्यापुढे मग बहुतेक दोनच नावं उरतात: उत्तराखंडातल्या औलीचा छोटा डोंगर, नाहीतर काश्मीरचं गुलमर्ग.

आधी पावडर ओळखायला शिका, कारण सगळी निवड तिच्यावरच ठरते. पावडर म्हणजे कडक थंडीत पडलेला, कोरडा, न दबलेला बर्फ. हातमोज्यात मूठभर घ्या आणि लाडू वळून बघा. वळला न जाता पिठासारखा सांडला, तर पावडर. घट्ट लाडू झाला, तर बर्फात पाणी उतरलं आहे. अशा बर्फात स्की अडकते आणि गुडघा पिरगळतो. ऊन, वारा आणि माणसांची वर्दळ, या तिघांमुळे पावडर संपते.

औलीचे उतार साधारण 2500 ते 3050 मीटर उंचीवर आहेत. गुलमर्गचा पायथाच सुमारे 2650 मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा कोंगदूरीला, म्हणजे 3100 मीटरच्या आसपास नेतो आणि दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळपास 3950 मीटरपर्यंत. आकडे पाहून गुलमर्ग एकतर्फी जिंकल्यासारखं वाटतं, पण बर्फ पडल्याच्या पहिल्या सकाळी तसं नसतं. मोठ्या हिमवृष्टीनंतर हिमस्खलनाची तपासणी होईपर्यंत वरचा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे त्या दिवशी गुलमर्गमध्येही पहिल्या टप्प्याच्या झाडीतच स्की करावी लागते. औलीला त्याच सकाळी गर्दी कमी आणि उतार सौम्य. खरा फरक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. औलीत फेब्रुवारीच्या उन्हाने दुपारपर्यंत बर्फ जड होतो आणि मुख्य उतार दबून जातो. गुलमर्गचा वरचा टप्पा तेव्हा कुठे उघडतो, आणि तिथल्या थंडीत पावडर आणखी काही दिवस टिकते.

म्हणून डोंगराच्या उंचीपेक्षा हातात मोकळे दिवस किती, हे आधी मोजा. बर्फ पश्चिमी विक्षोभाबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांबरोबर येतो आणि त्याचा भरवशाचा अंदाज जेमतेम चार-पाच दिवस आधी मिळतो. सकाळी विमानाने श्रीनगर गाठलं की रस्ता उघडा असेल तर संध्याकाळी गुलमर्गमध्ये. नऊपैकी सात दिवस डोंगरावर मिळतात. टंगमर्गपासून शेवटचे 13 किलोमीटर बर्फात चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. औलीला डेहराडूनपर्यंत विमान, पुढे औलीखालच्या जोशीमठपर्यंत पहाटे निघून अख्खा दिवस. जाता-येता चार दिवस गेले, हाती पाच. लोकमान्य टिळक टर्मिनसहून हरिद्वारची थेट गाडी धरली तर त्याहूनही कमी. जोशीमठ-औली रोपवेही जानेवारी 2023 मध्ये जमीन खचल्यावर बंद झाला, तेव्हा बेत रस्त्याचाच आखा. दोन्हीकडे मुक्काम वरच करा. जोशीमठ किंवा श्रीनगरला राहिलात तर नेमक्या बर्फाच्या सकाळी तुम्ही खाली अडकलेले असाल.

स्की कधीच केली नसेल आणि बारा दिवस मिळत असतील, तर औली घ्या. गढवाल मंडळ विकास निगमचे 7 आणि 14 दिवसांचे कोर्स असतात, आणि छोटा डोंगर शिकणाऱ्याला घाबरवत नाही. नऊच दिवस असतील तर गुलमर्गचे खालचे उतार बरे. थांबत, पडत का होईना, दोन्ही बाजूंना वळणं जोडता येतात त्यांनी मात्र गुलमर्गच घ्यावं. तिथे नियंत्रित उताराच्या दोरीबाहेर स्थानिक गाइडशिवाय पाऊल टाकू नका. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव आदल्या दिवशी झालेला हवा. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता मोठी असते, नंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, हेही निघण्याआधी बघा.

पावडरमध्ये नवख्यांची एक चूक हमखास होते. स्कीची पुढची टोकं बुडतील या भीतीने मागे रेलतात आणि दहा मिनिटांत मांड्या पेटतात. कडक बर्फावर वळणाच्या बाहेरच्या स्कीवर भार द्यायला शिकवतात. इथे तसं केलं की तीच स्की खोल जाते. दोन्ही स्की जवळ ठेवा, भार सारखा वाटा, वळण सावकाश पुरं करा. पडल्यावर स्की सुटून बर्फात गडप झाली, तर थांबलात तिथे नाही, पडलात त्याच्या थोडं वर शोधा. दुसऱ्या स्कीच्या मागच्या टोकाने आडवे चर ओढत खाली या. भाड्याने घेताना स्कीची मधली रुंदी 100 मिलिमीटरच्या पुढची मागा. गुलमर्गमध्ये अशा स्की मिळतात. औलीत बहुधा शिकाऊंच्या अरुंद असतात.

विकत घ्यायचंच झालं तर बूट घ्या, स्की नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात स्कीच्या पोलादी कडा आठवड्यात तांबडय़ा पडतात. घेतलेल्याच असतील तर जूनआधी तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवा, आणि बुटांची आतली अस्तरं काढून वेगळी वाळवा, नाहीतर गणपतीपर्यंत त्यांना बुरशी आलेली असते.