गच्चीवरच्या कुंड्यांत काय भरू: माती, कोकोपीट की पालापाचोळा?

परवा डोंबिवलीहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, झाडं लावायच्या वीस पिशव्या, ग्रो बॅगा, आल्यात घरी, बिया पण आल्यात, आता आत भरू काय ते सांग." नर्सरीवाला म्हणतो लाल माती घ्या, व्हिडिओत दाखवतात कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि मी गेली काही वर्षं सुका पाला भरतेय हे तिला माहितीये, त्यामुळे ती पार गोंधळून गेलेली. तिला जे तासभर फोनवर सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, कारण बॅग एकदा भरली की परत उपसायचा कंटाळा येतो आणि मग चुकीच्या भरणीवर वर्ष निघून जातं.

पुण्यात आमची चौथ्या मजल्यावर गच्ची आहे, तिथे तिन्ही प्रकार वापरून झालेत आणि आजही तिन्ही थोडे थोडे आहेत. म्हणजे एक चांगलं आणि बाकी वाईट असं नाहीये. पण तुमची जागा कुठली आणि रोज किती वेळ देणार, यावर उत्तर पूर्ण बदलतं.

आधी वजन बघा, मग बाकीचं

हे कोणी सांगतच नाही म्हणून मी पहिलं हेच सांगते. बारा बाय बाराची ग्रो बॅग म्हणजे बारा इंच रुंद, बारा इंच उंच, तिच्यात साधारण २२ लिटर मावतं. त्यात नुसती माती भरून पाणी दिलं की ती ३५ ते ४० किलोची होते. तीच बॅग अर्धं कोकोपीट, बाकी कंपोस्ट आणि थोडी माती अशी भरली तर ओली असताना १८-२० किलो. पाला दाबून भरून वर चार इंच कंपोस्ट-माती घातली तर १२-१४ किलोच्या आसपास. हे आकडे मी आमच्या घरच्या वजनकाट्यावर बॅगा ठेवून बघितलेले आहेत, किलो-दोन किलो इकडेतिकडे होईल.

आता गच्चीचं गणित. माणसं जिथे ये-जा करतात अशा गच्चीचा स्लॅब आपल्याकडच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो वरचा भार धरून डिझाइन करतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. मातीची एक बॅग जवळपास एक चौरस फूट जागा घेते आणि चाळीस किलो भरते. एक-दोन बॅगांनी काही होत नाही, मधे मोकळी जागा असते, भार विभागला जातो. पण लोक जे करतात ना, विटांचा वाफा बांधून त्यात फूटभर माती, तिथे चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जातं. म्हणजे तिपटीहून जास्त, आणि ते कायमचं, बाराही महिने, पावसात भिजून अजून जड. बिल्डिंग जुनी असेल तर कृपा करून हे करू नका, करायचंच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला गच्ची दाखवा. कुंड्या मधोमध न ठेवता भिंतीच्या आणि बीमच्या रेषेत ठेवा, आणि खाली विटेचे तुकडे किंवा स्टँड घ्या म्हणजे पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही. आमच्या खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल आली होती पहिल्या वर्षी, तेव्हा आमच्या माती भरलेल्या कुंड्या थेट फरशीवर टेकलेल्या होत्या. त्यानंतर एकही कुंडी मी जमिनीला चिकटून ठेवलेली नाही.

माती

मातीची बाजू मांडायची तर तिच्यासारखी टिकाऊ काहीच नाही. लिंबू, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, पेरू, जे झाड पाच-दहा वर्षं एकाच कुंडीत राहणार त्याला मातीच हवी. पाला कुजून खाली बसतो, कोकोपीट दोन-तीन वर्षांत बारीक होऊन चिकट होतं, माती मात्र तिथेच असते आणि झाडाला धरून ठेवते. उंच झाड वाऱ्याला आडवं होत नाही ते त्या वजनामुळेच.

पण कुठली माती? आपल्या देशावरची काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, मग तुम्ही पाणी घालता ते कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. शिवाय तिच्यात चुन्याचं प्रमाण बऱ्याचदा जास्त, त्यामुळे गुलाब, लिंबू, मोगरा यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता, लोह मातीत असतं पण झाडाला घेता येत नाही. बोअरचं जड पाणी घालत असाल तर अजूनच वाढतं. म्हणून नर्सरीवाले लाल माती किंवा पोयटा (नदीकाठची गाळाची माती) देतात आणि तो बरा पडतो, फक्त नुसता भरू नका, दोन पावसांत दगडासारखा घट्ट होतो. निम्मी माती आणि निम्म्यात कंपोस्ट, थोडी जाड वाळू किंवा विटेचा चुरा असं करा.

अजून एक, विकतच्या मातीतून लव्हाळा हे चिवट तण येतं. आम्ही टेम्पोभर माती आणली होती, चार जिने चढवून वर नेली, आणि महिन्याभरात प्रत्येक कुंडीत लव्हाळ्याचे कोंब. वरून उपटला की खाली गाठ राहते आणि परत फुटतो. पूर्ण कुंड्या रिकाम्या करून चाळणीने गाठी वेचल्या तेव्हा कुठे सुटका झाली. घ्यायच्या आधी माती हातात घेऊन चुरून बघा, काळ्या बोराएवढ्या गाठी दिसल्या तर ती घेऊच नका.

कोकोपीट

हलकं, स्वच्छ, लिफ्टमधून एका पिशवीत येतं. कोकोपीटची दाबलेली पाच किलोची वीट भिजवली की फुलून ७० लिटरच्या आसपास होते, म्हणजे निम्मं प्रमाण धरलं तर बारा बाय बाराच्या सहा बॅगा निघतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, ज्याच्याकडे पाला साठवायला जागा नाही, त्याला हे फार सोयीचं आहे आणि बी रुजवायला तर मी याच्याशिवाय दुसरं काही वापरतच नाही, सीडलिंग ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळ खत, बस.

पण लोक एक गोष्ट विसरतात की कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, त्याच्यात झाडाला खायला जवळपास काहीच नाही. ते फक्त पाणी धरून ठेवतं. वरून सगळं तुम्हालाच द्यावं लागतं आणि नियमाने द्यावं लागतं. दुसरं म्हणजे क्षार. सोडण खाऱ्या पाण्यात भिजवलेलं असतं किंवा किनाऱ्यावरचं असतं, त्यात सोडियम आणि पोटॅशियम असतं, म्हणून वीट भिजवल्यावर पिळून ते चहासारखं पाणी टाकून द्यायचं, असं दोन-तीनदा. पाकिटावर लो ईसी (म्हणजे क्षार कमी) लिहिलेलं असेल तर ते घ्या, तरी एकदा धुवाच. तिसरं, कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं, म्हणून त्यात लावलेल्या टोमॅटोच्या बुडाला काळा खड्डा पडतो. लोकांना वाटतं रोग आहे आणि ते फवारण्या करत बसतात, तो रोग नाहीये. कॅल्शियम द्यायचं आणि पाणी एकसारखं द्यायचं, एक दिवस तुडुंब आणि तीन दिवस कोरडं असं नाही.

पालापाचोळा

मला मनापासून आवडतो तो हा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक होते, त्यांनी प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या गटातून हे लोकांपर्यंत नेलं की मूठभर माती असली तरी पुरे, बाकी काम पाला आणि त्यातले जीव करतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून अशीच बाग उभी केली, तिथल्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर. म्हणजे हे कोणाचं खूळ नाही, मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलं आहे.

भरायचं कसं, तर तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर सुका पाला पाय देऊन दाबून दाबून, मधे मधे पातळ शेणकाला किंवा आंबट ताकाचं पाणी शिंपडत, वरचे चार इंच कंपोस्ट आणि मूठ-दोन मूठ माती. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं मिळाली तर फारच छान, तो बिचारा फुकट देतो, फक्त आठवडाभर पाण्यात आणि उन्हात राहू द्या म्हणजे गोडवा जाऊन मुंग्या कमी लागतात. पर्जन्यवृक्ष, सोनमोहोर, शेवगा, गुलमोहोर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, वड यांची जाड पानं वेळ घेतात, ती चुरून घाला. निलगिरी नको.

तोटे पण सांगते. पहिल्या तीन-चार महिन्यांत भरलेली बॅग निम्म्यावर येते आणि सारखी भर घालावी लागते, म्हणून यात लिंबू लावलं तर झाडच खाली खाली जात कलतं. दुसरं, अर्धवट कुजलेला पाला स्वतःच्या कुजण्यासाठी नत्र ओढतो आणि रोपं पिवळी राहतात, सुरुवातीला हे होतंच, घाबरू नका, शेणखत किंवा जीवामृत द्या. जीवामृत करायचं तर वीस लिटर पाण्याला एक किलो शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, मूठभर झाडाखालची माती, सावलीत दोन दिवस ठेवून रोज ढवळायचं. शेण मिळत नसेल तर गोठा शोधण्यात वेळ घालवू नका, शेंगदाणा पेंडीचं पाणी पण चालतं.

उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिलमध्ये पुण्यात चाळीसपर्यंत पारा जातो तेव्हा नवीन भरलेल्या पाल्याच्या बॅगेला दोन वेळा पाणी लागतं, सहा महिने जुन्या झालेल्या बॅगेला एक वेळ पुरतं. मातीला एक वेळ. कोकोपीट मिक्सला काही वेळा एक दिवसाआड सुद्धा चालतं, पण त्याची फसवणूक अशी की वरून कोरडं, फिकट दिसतं आणि खाली ओलं गच्च असतं, त्यामुळे माणूस घालतच राहतो पाणी. बोट दोन पेरं आत घालून बघितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही.

पावसात उलट. मुंबई-ठाणे-कोकणात जो पाऊस पडतो त्यात उघड्यावरचं कोकोपीट आठवडेच्या आठवडे चिंब राहतं, मुळं सडतात, बारीक काळी चिलटं होतात. तिकडे पावसाळ्यात कोकोपीटचं प्रमाण एक तृतीयांशपेक्षा जास्त नको. पाल्यातून पाणी भराभर निघून जातं म्हणून हळद, आलं, अळू पावसाळ्यात पाल्यातच घ्या. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेली हळद माघात काढताना बॅग नुसती उलटी करायची, खणायला नको, गड्डे हातात येतात, मऊ आणि स्वच्छ.

कीड म्हणाल तर पाल्यात झुरळं, मुंग्या, कधी गोम निघते, आणि ओला कचरा उघडा टाकलात तर उंदीर येणारच. घरातला कचरा कायम पाल्याखाली दाबायचा. शेणखतातून जाड पांढऱ्या अळ्या येतात त्या मी वेचून काढते. ज्यांना हे बघून शिसारी येते त्यांनी पाला घेऊ नये, त्यात कमीपणा काही नाही, कारण मग बागेत जाणंच बंद होतं.

खर्चाचं थोडक्यात: माती स्वस्त पण वर चढवायची मजुरी जड, कोकोपीट विकतचं आणि त्यावर दरमहा खत, पाला फुकट पण तुमचे रविवार जातात.

मग नणंदेला काय सांगितलं

तिची पूर्वेची बाल्कनी, ग्रिलमध्ये जागा, सकाळचं तीन तास ऊन, नोकरी, आणि घरात सासूबाईंना दमा. पाला साठवून धूळ उडवणं तिच्यासाठी योग्य नाही. म्हणून तिला वीसपैकी फक्त बाराच बॅगा भरायला सांगितल्या, आणि मेथी, पालक, कोथिंबिरीसाठी बॅगांऐवजी सहा-आठ इंच खोल पसरट ट्रे घ्यायला सांगितले, भरणी एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग कंपोस्ट, एक भाग पोयटा. तेवढ्या उन्हात टोमॅटो-वांगी धरणार नाहीत, पालेभाज्या आणि पुदिना होईल, ते तिला स्पष्टच सांगितलं. कढीपत्त्याला माती भरलेली एक मोठी कुंडी, ती कोपऱ्यात खांबाजवळ.

मोठी गच्ची असेल, पाच-सहा तास ऊन असेल आणि घरात कोणीतरी रोज अर्धा तास देणारं असेल तर मी डोळे झाकून पाला सांगेन, आणि लिंबू-मोगऱ्यासारख्या चार-पाच कुंड्याच मातीच्या. तळमजल्यावर अंगण असेल तर वजनाचा प्रश्नच नाही, तिथे माती आणि वर पाल्याचं आच्छादन. भाड्याच्या घरात असाल, वर्षा-दोन वर्षांत सामान हलवायचं असेल, तर कोकोपीट मिक्स.

पाला घ्यायचं ठरवलंत तर तो जानेवारी ते एप्रिलमध्ये जमवा, तेव्हाच पानगळ असते आणि सोसायट्यांचे झाडूवाले तो ढीग करून पेटवून देतात, तो धूर आपणच खातो. वॉचमनला सांगून ठेवा की पेटवू नका, पोत्यात भरा, मी घेऊन जाते. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त त्यांनी हवा असलेल्यांना द्यायचा, तिथेही मिळेल. वीस बॅगांना घट्ट दाबलेली दहा-बारा पोती तरी लागतात आणि नंतरच्या भरीसाठी पाच-सहा वेगळी, कोरडी, पत्र्याखाली ठेवा, कारण जुलैत बॅगा खाली बसतात तेव्हा सुकं पान कुठेच मिळत नाही.